धीराची शर्यत

ग्रीस देशात दिनांक १० एप्रिल १८९६ रोजी एक अपूर्व शर्यत झाली. आधुनिक ऑलिंपिक सामन्यांचे ते पहिलेच वर्ष होते. इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणभूमीवर ग्रीकांनी इराणी सैन्याचा पराभव केला. तेव्हा एका दूताने विजयाची वार्ता धावत अथेन्सला आणली आणि ती सांगताच त्याने प्राण सोडले, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत धावण्याची शर्यत ठेवावी, अशी सूचना मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने केली होती. अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. सतरा धावपटू शर्यतीस उभे राहिले.

त्यांतील तिघांकडे लोकांचे विशेष लक्ष होते. ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक, अमेरिकेचा ब्लेक आणि फ्रान्सचा लेर्म्युझिओ यांनी तीनच दिवसांपूर्वी १५०० मीटरच्या शर्यतीत पहिले तीन क्रमांक पटकावले होते. लेर्म्युझिओ प्रारंभापासूनच वेगाने पुढे निघाला व त्याने इतरांना बरेच मागे टाकले. परंतु निम्म्याहून थोडी अधिक वाट सरते न सरते तोच ब्लेकने शर्यत सोडली. बत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास लेर्म्युझिओचे बळ सरले. त्यानंतर आघाडीवर आलेला फ्लॅकही अथेन्स अवघे काही किलोमीटर उरले असता कोसळला. शर्यत जिंकली ती मारूसी गावच्या स्पिरिडॉन लुई या ग्रीक तरुणाने. वडिलांबरोबर अथेन्सला पाणी वाहून नेणे हा त्याचा व्यवसाय होता. आरंभी तो मागेच होता. पण आपली चाल न मोडता तो धावत राहिला आणि २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत त्याने क्रीडांगण गाठले.

जे वेगवान होते ते वाटेत राहिले आणि जो सावकाश निघाला तो पोहोचला, असे का व्हावे? या प्रश्नाच्या उत्तरातच मॅरेथॉन शर्यतीचे मर्म आहे. ही शर्यत प्रथमच धावू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घेतले पाहिजे.

आज मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणापर्यंत जे अंतर धावले गेले, तेच पुढे १९२१ साली कायमचे ठरविण्यात आले. एवढे अंतर कापण्यास धावपटूला चाळीस हजारांच्या आसपास पावले टाकावी लागतात, आणि प्रत्येक पावलागणिक त्याच्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो.

धावण्यासाठी लागणारी शक्ती शरीर दोन कोठारांतून घेते. पहिले कोठार कर्बोदकांचे. भात, भाकरी, बटाटा, गूळ अशा पदार्थांतून मिळणारी साखर शरीर यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते. ही शक्ती झटपट हाती येते. परंतु तिचा साठा मर्यादित असतो. दुसरे कोठार चरबीचे. ते फार मोठे असते. पण चरबीपासून शक्ती मिळविण्यास प्राणवायू अधिक लागतो आणि ती सावकाश मिळते. मनुष्य जितक्या वेगाने धावतो, तितके पहिले कोठार लवकर रिते होते. साधारणतः तीस किलोमीटरच्या पुढे पुष्कळ धावपटूंच्या बाबतीत असे घडते. मग पाय जड होतात, डोके सुन्न होते आणि समोर जणू भिंतच उभी राहिली आहे असे वाटू लागते. म्हणूनच धावपटूंच्या बोलीत या अवस्थेला ‘भिंत’ असे म्हणतात. अथेन्सच्या वाटेवर ज्या टप्प्यात लेर्म्युझिओ थांबला आणि फ्लॅक कोसळला, तो हाच टप्पा होय.

ही भिंत ओलांडण्याचे सामर्थ्य सरावाने येते. नियमित धावण्याने हृदय बळकट होते व प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंतील सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. त्यामुळे प्राणवायूचा पुरवठा वाढतो. चरबीचा उपयोग करून घेण्यास शरीर शिकते व ग्लायकोजेनचा साठा पुरवून वापरते. मात्र या सर्व गोष्टी एकाच गतीने होत नाहीत. दमसास काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना बळकट होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. नवशिक्याला धोका असतो तो येथेच. छाती म्हणते, ‘आणखी धाव’. आणि पाय ते सोसण्यास अद्याप तयार नसतात. उत्साहाच्या भरात अंतर एकदम वाढविणारा धावपटू गुडघा किंवा पोटरी दुखावून घरी बसतो.

तालमीत नवा आलेला मुलगा पहिल्याच दिवशी फडात उतरत नाही. जोर-बैठका काढून त्याचे अंग तयार झाल्यावरच वस्ताद त्याला कुस्ती लावतात. मॅरेथॉनची तयारीही अशीच पायरीपायरीने करावयाची असते. ज्याला सात-आठ किलोमीटर सहज धावता येतात, अशा माणसासही पुढील तयारीला सोळा ते वीस आठवडे द्यावे लागतात. आठवड्यातून चार दिवस धावावे. त्यांपैकी एक दिवस लांब पल्ल्याचा असावा आणि त्या दिवशी सोबत्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने धावावे. आठवड्याचे एकूण अंतर एकदम न वाढविता सुमारे दहावा हिस्सा वाढवावे. तीन आठवडे वाढविल्यावर चौथ्या आठवड्यात ते थोडे कमी करावे. लांब पल्ला वाढत वाढत तीस किलोमीटरपर्यंत पोहोचला म्हणजे पुरे. संपूर्ण अंतर आधी धावून पाहण्याची आवश्यकता नसते. शेवटचे दोन-तीन आठवडे सराव कमी करून शरीराला विसावा द्यावा.

विसावा म्हणजे आळस नव्हे. धावताना स्नायूंची जी झीज होते ती विश्रांतीच्या वेळी, विशेषतः झोपेत, भरून निघते, आणि याच भरपाईत शरीर पूर्वीपेक्षा बळकट होते. ज्याने विश्रांती टाळली, त्याने सरावाचे फळच टाळले. आपल्याकडील उन्हाचा विचार करता सराव पहाटे करणे हितावह होय. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. ते फार कमी पिणे जसे वाईट, तसे तहान नसता प्रमाणाबाहेर पिणेही अपायकारक. कारण त्यामुळे रक्तातील क्षारांचे प्रमाण घटते. छातीत दुखू लागले, चक्कर आली किंवा सांध्यात तीव्र कळ उठली, तर तत्क्षणी थांबले पाहिजे. थकवा सोसावयाचा असतो; शरीराने दिलेला इशारा ऐकावयाचा असतो. या दोहोंतील भेद ओळखणे हेही शिक्षणच आहे.

प्रथमच मॅरेथॉन धावणाऱ्याने तयारीच्या बळावर काय साधता येते, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत जगाने पाहिले. आपल्या साताऱ्याच्या मातीतील मल्ल खाशाबा जाधव यांनी ज्या सामन्यांत कुस्तीचे कांस्यपदक मिळविले, तेच हे सामने. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक याने तेथे आधी १०,००० मीटर व मग ५,००० मीटरची शर्यत जिंकली आणि त्यानंतर तो मॅरेथॉनमध्ये उतरला. त्यापूर्वी तो मॅरेथॉन कधीही धावला नव्हता. इंग्लंडचा जिम पीटर्स त्या वेळी या शर्यतीतील सर्वांत वेगवान धावपटू मानला जात असे. पीटर्स वेगाने पुढे निघाला. काही अंतर गेल्यावर झाटोपेकने त्याला गाठले आणि ही गती फार तर होत नाही ना, असे त्याला विचारले. ती उलट कमीच आहे, असे पीटर्सने उत्तर दिले. पुढे पायात गोळे येऊन पीटर्सला शर्यत सोडावी लागली. झाटोपेक मात्र २ तास २३ मिनिटे ३ सेकंदांत, दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूपेक्षा अडीच मिनिटे आधी, क्रीडांगणात पोहोचला.

परंतु झाटोपेक मॅरेथॉनला नवा असला, तरी परिश्रमाला नवा नव्हता. तरुणपणी तो झ्लीन शहरातील बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यात कामाला होता. १९४१ साली इतरांच्या आग्रहामुळे, मनात नसताना, तो पहिल्यांदा शर्यतीत धावला. त्यानंतर वर्षानुवर्षे त्याने सराव केला. ४०० मीटर वेगाने धावावयाचे, मग थोडे अंतर संथपणे, पुन्हा ४०० मीटर वेगाने, असे तो एकेका दिवशी वीस-वीस, पुढे चाळीस-चाळीस वेळा करी. कधी पायात लष्करी बूट घालून तो रानावनातून धावे. हेलसिंकीचे ते अडीच तास अशा अकरा वर्षांच्या परिश्रमांवर उभे होते.

आपल्या भागातील धावपटूंचाही या शर्यतीशी जुना संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे खेड्यांतील तरुण पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि त्यांच्या प्रयत्नाने १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस भारतीय पथक गेले. त्या पथकातील फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. पुढे १९८३ पासून पुण्यात आणि २००४ पासून मुंबईत मोठ्या मॅरेथॉन शर्यती सुरू झाल्या. एके काळी ही शर्यत स्त्रियांना झेपणार नाही असा समज होता. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून त्यांनाही या शर्यतीत स्थान मिळाले. आता शिक्षक, कारकून, परिचारिका, गृहिणी असे सामान्य स्त्रीपुरुष हजारोंच्या संख्येने धावताना दिसतात. त्यांतील बहुतेकांना क्रमांकाची आशा नसते. काल जे जमत नव्हते ते आज जमावे, एवढीच त्यांची इच्छा असते.

वाढत्या वयाच्या मुलामुलींची हाडे कोवळी असतात. म्हणून मुंबईसारख्या मोठ्या शर्यतींत पूर्ण मॅरेथॉनसाठी किमान अठरा वर्षांची अट असते. विद्यार्थ्यांनी तोवर थोडे अंतर आनंदाने व नियमाने धावावे, पुरेसे जेवावे आणि वेळेवर झोपावे. शर्यतीचा दिवस एकच असतो. पण त्यामागे शेकडो पहाटा असतात, आणि त्या पहाटा पाहण्यास कोणी प्रेक्षक नसतात. अथेन्सच्या वाटेवर पाणी वाहून नेताना लुईला कोणी पाहिले नव्हते, आणि रानात लष्करी बूट घालून धावणाऱ्या झाटोपेकलाही टाळ्या मिळाल्या नव्हत्या. शर्यतीच्या दिवशी बत्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे त्यांना तारले ते त्याच न पाहिलेल्या दिवसांनी.