दूरच्या टपालखान्याची जुनी किल्ली

शाळा-कचेऱ्यांचीं पत्रें हल्लीं बहुधा ईमेलनें जातात. परंतु हें टपाल सांठविणारें यंत्र आपल्याच इमारतींत असतें असें नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें इ. स. २०१५ मध्यें पुणें, मुंबई व चेन्नई येथें आपलीं डेटा सेंटरें उघडलीं. छत्रपती संभाजीनगरांतील एखाद्या संस्थेच्या पत्रपेट्या अशा परगांवच्या यंत्रांत असूं शकतात. मग नव्या विद्यार्थ्याची पेटी उघडणें, शाळा सोडून गेलेल्याची बंद करणें, हीं कामें येथें बसून कशीं करावीं?

याकरितां 'रिमोट पॉवरशेल' नांवाचें साधन होतें. मायक्रोसॉफ्टच्या टपालव्यवस्थेंत तें २००९ च्या सुमारास आलें. व्यवस्थापकानें एक ओळ लिहावी आणि दूरच्या शेंकडों पेट्यांचें काम व्हावें, अशी त्याची सोय होती. त्या ओळी जपून ठेवल्या म्हणजे दरवर्षीं पुन्हा उपयोगीं पडत.

मग असें गुणी साधन २०२३ मध्यें बंद कां केलें? कारणें दोन.

पहिलें कारण सुरक्षिततेचें. जुन्या रीतींत प्रत्येक खेपेस नांवाबरोबर पासवर्डहि पाठविला जाई. समजा, आपल्या पैठण दरवाज्यांतून जाणाऱ्या प्रत्येक निरोप्याच्या हातीं कोठाराची मूळ किल्लीच दिली; एक निरोप्या लुटला गेला कीं कोठार गेलें! नव्या रीतींत किल्ली घरींच राहते, निरोप्यास थोडा वेळ चालणारा परवाना मिळतो. पासवर्डाची जुनी रीत ऑक्टोबर २०२२ पासून बंद होऊं लागली. तरी या साधनासाठीं व्यवस्थापकाच्या संगणकावर तिची एक खिडकी उघडी ठेवावी लागे.

दुसरें कारण भरंवशाचें. जुन्या साधनांत काम संपेपर्यंत दोन्ही यंत्रांमधील धागा अखंड राहावा लागे. तो तुटला कीं काम अर्धवट राही. नवें साधन प्रत्येक आज्ञा स्वतंत्रपणें पाठवितें. एखादी अडली तर तेवढीच पुन्हा पाठवितां येते.

बंदीची सूचना डिसेंबर २०२२ मध्यें दिली गेली व पुढें मुदतहि वाढविण्यांत आली. आज्ञा बहुतेक त्याच राहिल्या. बदललें तें दार. तथापि ज्यांनीं दुसऱ्याच्या ओळी अर्थ न समजतां वापरल्या होत्या, त्यांस हा लहानसा बदलहि जड जावा, यांत नवल नाहीं.

विद्यार्थ्यांनो, या पेट्यांत तुमचे गुण असतात, तुमच्या आईवडिलांचे पत्ते असतात. जुन्या साधनानें पुष्कळ सेवा केली, हें खरें. परंतु सोयीसाठीं दुसऱ्याची ठेव धोक्यांत घालणें योग्य नव्हे. म्हणून आम्ही म्हणतों, ओळ पाठ करूं नका. ती काय करते, तें समजून घ्या. पालकांनीं आपला पासवर्ड कोणास सांगूं नये, व दुहेरी खात्रीची सोय असेल तेथें ती अवश्य चालू करावी. साधनें बदलतील, विश्वासानें सोंपविलेली ठेव जपण्याचें कर्तव्य मात्र बदलत नाहीं.