संचालकपद गेले, पुढे काय?

समजा, धाराशिवकडच्या एखाद्या खेड्यात इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे आणि तिच्या संचालकाचे बिनसले. त्याला काढता येईल का हो? येईल. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे भागधारकांना साध्या बहुमताने तसा ठराव करता येतो. मात्र आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते.

मुंबईच्या टाटा सन्सच्या भागधारकांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये सायरस मिस्त्रींना संचालकपदावरून दूर केले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २६ मार्च २०२१ रोजी निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मिस्त्री घराण्याचे १८ टक्क्यांहून अधिक भाग मात्र घराण्याकडेच राहिले. म्हणजे पद जाते, मालकी जात नाही.

आणि जबाबदारी? कलम १६८ सांगते, राजीनामा दिला तरी आपल्या कारकीर्दीत घडलेल्या गुन्ह्यांना संचालक उत्तरदायी राहतोच. तेव्हा वाचकहो, ‘नुसते नाव द्या’ म्हणून कोणी संचालकपदासाठी तुमची सही मागितली, तर आधी हिशेबाची वही मागा.