बाभळीवरची अर्धी घरटी

मागच्या आषाढातली गोष्ट. येथील आमच्या ओळखीच्या घरातला एक मुलगा भरतीत दुसऱ्यांदा मागे पडला. मैदानी चाचणी निघाली, लेखीत थोडक्यात हुकला. तेव्हापासून त्याने घराबाहेर पडणेच सोडले. आई मजुरीला जाई, हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. शेवटी तिने निरोप धाडला, "भाऊ, तुम्ही येऊन बघा. तुमचं ऐकंल."

आम्ही पडलो कारकून माणूस. समजुतीचे आमचे सारे शब्द पाच मिनिटांत संपले. मग म्हटले, "चल, नदीपर्यंत जाऊन येऊ." नाखुशीनेच उठला.

रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा त्या दिवशी गढूळ, भरलेली होती. काठाजवळच्या एका विहिरीवर बाभूळ वाकलेली आहे. तिच्यावर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. नाव बाईचे, पण विणकाम करतो तो नर. पावसाळ्यात त्याचे डोके पिवळेधमक होते. गवताच्या, उसाच्या पात्याच्या लांब चिंध्या काढून आणतो आणि चोचीने गाठी मारतो. घरटे अर्धे झाले की मादी येऊन तपासते. पसंत पडले तर पुढचे काम. नाही तर ते तसेच सोडून हा दुसरे विणायला घेतो.

मुलगा बराच वेळ वर बघत होता. मग म्हणाला, "काका, अर्धी किती हायेत?" आम्ही दोघांनी मोजली. सात अर्धी, तीन पुरी. कित्येक दिवसांत तो आपण होऊन बोलला होता. घरी जाऊन जेवला, असे त्याच्या आईने सांगितले.

वाचकांना हे भाबडेपण वाटेल. पण रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी जोराची पुरली. पाऊण दिवसाची किंमत रोजंदारीवाल्यालाच विचारावी!

आमच्या आईचे आयुष्य दुसऱ्याच्या उसात खुरपण्यात गेले. रानाची हवा चांगली, असे कोणी म्हटले की ती म्हणायची, "मंग घ्या खुरपं." तिचे खरेच होते. पण चैत्रात लिंब फुलला की तीच आई रात्री त्याच्याखाली बाज टाकायची आणि त्या वासात गप्प पडून राहायची. तेवढा वेळ तिला कोणी हाक मारलेली चालत नसे.

मात्र कोणाची झोप, जेवण तुटले असेल, जिवाचे बरेवाईट बोलत असेल, तर नदीवर नव्हे, आधी डॉक्टरकडे न्यावे. सरकारचा 'टेलीमानस' हा मोफत दूरध्वनी २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. तेथे मराठीत बोलता येते.

तो मुलगा आता श्रीरामपुरात (तिथल्या स्टेशनाचे नाव आजही बेलापूरच!) एका दुकानात कामाला आहे. तिसऱ्यांदा अर्ज भरला आहे. परवा पुलावर भेटला. म्हणाला, "काका, बाभळीवर यंदा अजून एकबी आलं नाही." पाऊस लांबला आहे.