पठारावरचा रस्ता कोणासाठी?

एके काळी सायकल हे शिक्षकाचे, कारकुनाचे आणि कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे वाहन होते. पुण्यासारखे शहर तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. आज महानगरांतून सायकलीचे दोन वर्ग पडले आहेत. एक दूधवाल्याची आणि रखवालदाराची, नाइलाजाने चालविली जाणारी सायकल. दुसरी हौशी मंडळींची, स्कूटरच्या किमतीची सायकल. या दोहोंच्या मधला जो मोठा मध्यमवर्ग, त्याने सायकल सोडून दिली आहे. त्याला आळस हे कारण नसून भय हे कारण आहे. मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत मुले उभ्या मोटारींच्या मधून सायकलीच्या फेऱ्या मारताना दिसतात. परंतु फाटकाबाहेरच्या रस्त्यावर त्यांना एकटे सोडण्याचे धाडस कोणते आईबाप करतील?

१९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पूर्ण करून परतले. त्यांच्या वाटेवर पुष्कळ ठिकाणी धड रस्तेच नव्हते. आज गुळगुळीत डांबरी रस्ते डोंगरमाथ्यापर्यंत गेले आहेत. पण साध्या माणसाला त्यांवरून सायकलीने जाण्याची सोय राहिलेली नाही. रस्ता आला आणि रस्त्यावरचा माणूस हद्दपार झाला, असा हा विचित्र प्रकार होय.

सायकलीने निर्धास्त हिंडता येईल अशी जागा आपल्याकडे नाहीच काय? तशी ती आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर निसर्गाने जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे अंथरून ठेवली आहेत. स्थानिक बोलीत त्यांना सडा म्हणतात. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध कास. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर हे पठार पसरले आहे. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ, की तेथे मोठे झाड मूळ धरू शकत नाही. मात्र पावसाळा सरता सरता याच उघड्या खडकावर तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवे यांचे गालिचे उलगडतात. कीटक पकडून जगणारी दवबिंदू वनस्पती येथे आहे, सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी आहे आणि साताऱ्याचेच नाव शास्त्रीय नावात मिरविणारा वायतुरा आहे. सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती या परिसरात नोंदविल्या गेल्या आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्याबरोबर कासचाही समावेश झाला.

दर्जा आला आणि त्यापाठोपाठ मोटारी आल्या. फुलांच्या दिवसांत गर्दी इतकी वाढली, की दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घालावी लागली. आगाऊ नोंदणी, प्रवेशशुल्क आणि दूर ठेवलेले वाहनतळ हे उपाय करावे लागले. वनखाते आणि परिसरातील गावांच्या समित्या यांनी ही व्यवस्था उभी केली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण ही सारी व्यवस्था माणसे मोजते. खरा भार माणसांचा नसून त्यांच्या वाहनांचा आहे. हजार किलोंहून जड मोटार रस्त्याच्या कडेला उतरली, की तिच्या चाकाखालची बोटभर माती घट्ट होऊन बसते. आणि त्या बोटभर मातीतच पुढच्या वर्षीचे बी दडलेले असते. उलट सायकल पंधरा-वीस किलोंची. तिला धूर नाही, कर्णा नाही, आणि एका मोटारीच्या जागेत दहा सायकली सहज मावतात.

शिवाय पठार आणि सायकल यांचा मेळ मूळचाच आहे. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासला पोहोचेपर्यंत सुमारे पाचशे मीटरची चढण पडते. ही चढण घाम काढते, यात शंका नाही. परंतु एकदा माथा गाठला, की रस्ता लांबवर जवळजवळ सपाट धावतो. एका अंगाला साताऱ्याला पाणी पुरविणारा कास तलाव, तर पुढे बामणोलीकडे उतरणारी वाट. मोटारीच्या काचेतून जे पठार दहा मिनिटांत संपते, ते सायकलीवरून सकाळभर पुरते. पायी सगळा विस्तार आवाक्यात येत नाही आणि मोटारीतून काहीच ध्यानात राहत नाही. या दोहोंच्या मधला वेग सायकलीचा आहे.

रस्ता काही तासांपुरता मोटारींना बंद करणे ही कल्पना स्वप्नाळू वाटेल. मग अँडीज पर्वतातील बोगोटाकडे पाहावे. कोलंबियाची ही राजधानी सुमारे २,६०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेली आहे. तेथे १९७४ मध्ये नागरिकांनी पहिल्यांदा काही रस्ते सायकलींसाठी मोकळे करून घेतले आणि पुढे नगरपालिकेने तो रिवाजच केला. आज दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत सुमारे १२० किलोमीटरचे रस्ते मोटारींना बंद असतात. कोलंबिया हे काही श्रीमंत राष्ट्र नव्हे. तेथे जे साधले, ते पैशाच्या नव्हे तर निश्चयाच्या बळावर साधले.

निश्चयाचे उदाहरण आपल्याकडेही आहे. पण ते सावध करणारे आहे. माथेरानने दस्तुरी नाक्यापलीकडे मोटारींना मज्जाव केला आणि २००३ मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले. त्याची झाडी टिकली ती या मज्जावामुळेच. मात्र मोटारीच्या जागी दुसरे सुसह्य साधन वेळेवर न आल्याने तेथे माणूस गाडीला जुंपला गेला. हातरिक्षा ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये द्यावा लागला. यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे: नुसती बंदी पुरेशी नाही, पर्याय हवा, आणि तो पर्याय दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे टाकणारा नसावा. सायकलीत तो दोष नाही. तिच्यावर बसणारा स्वतःचा भार स्वतःच ओढतो.

म्हणून सूचना अशी, की फुलांच्या हंगामात दर रविवारी सकाळी सहा ते दहा या वेळात कास पठारावरील रस्ता पर्यटकांच्या खासगी मोटारींना बंद ठेवावा. एसटी, रुग्णवाहिका आणि पठारावरील गावांची वाहने यांना अर्थातच मोकळीक हवी. तो रस्ता प्रथम त्या गावकऱ्यांचा आहे. शहरवासीयांच्या हौसेसाठी त्यांची वाट अडविणे हा अन्यायच ठरेल. वृद्धांना आणि अपंगांना मिनीबसची सोय असावी. भाड्याच्या सायकली गावांच्या समित्यांनीच ठेवाव्यात, म्हणजे त्यांचे उत्पन्न गावातच राहील. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागेल. सायकल डांबरी रस्त्यावरच राहिली पाहिजे. सड्यावर उतरलेली सायकल मोटारीहून हलकी असली, तरी निरुपद्रवी नव्हे.

या योजनेने पर्यटक कमी येतील, अशी भीती काही व्यावसायिकांना वाटेल. पण सायकलवाला पर्यटक तासाभरात परत फिरत नाही. तो दमतो, थांबतो, पिठले-भाकरी मागतो, क्वचित मुक्कामही करतो. मीरा रोडहून साताऱ्याला जाणाऱ्या कारकुनाजवळ मोटार नसेल. पण रेल्वेचे किंवा एसटीचे तिकीट त्याला परवडते आणि तासाभराच्या सायकलीचे भाडेही परवडते. जागतिक वारसा म्हणून जे जपायचे, ते फक्त मोटारवाल्यांनाच पाहता यावे, यासारखी विसंगती दुसरी नसेल.

पठारावरचा रस्ता सार्वजनिक पैशाने बांधलेला आहे. त्यावर सर्वाधिक हक्क कोणाचा, याचा निर्णय वाहनाच्या वजनावरून होऊ नये. आठवड्याचे चार तास तो सायकलीला द्यावेत, ही मागणी फार मोठी नाही. ती मान्य झाली तर सड्याची माती वाचेल, गावाला चार पैसे मिळतील आणि सायकल विसरलेल्या एका पिढीला आपल्या मुलांबरोबर निर्भयपणे पायडल मारता येईल. कास येथे हे साधले, तर मग आपल्या शहरांतील रस्त्यांविषयी हाच प्रश्न विचारण्याचे बळही आपल्या अंगी येईल.