आयुष्यात एकदाच

शर्यतीआधी महालक्ष्मी रेसकोर्सच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे फेऱ्या मारायच्या रिंगणात, घोडे फिरू लागले की माझी नजर जॉकीच्या रंगीत सदऱ्यापेक्षा मोतद्दारावर जास्त खिळते. लगाम आखूड धरून, घोड्याच्या खांद्याला खांदा लावून तो चालतो, त्याच्याशी हळूहळू बोलत राहतो. मानेवर घामाचा पांढरा फेस दिसला की हातानेच निपटून काढतो. शर्यतीआधीच घोडा असा तापला, तर अंगातली ताकद पॅडॉकमध्येच खर्ची पडते.

इंडियन डर्बीच्या दिवशी ही धास्ती सर्वांत मोठी, कारण ही शर्यत फक्त चार वर्षांच्या घोड्यांची. पुढच्या वर्षी बघू, असं इथे म्हणता येत नाही. त्यात भारतात शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याचं वय कागदोपत्री १ जानेवारीला वाढतं. जानेवारीतलं शिंगरू आणि एप्रिलमधलं शिंगरू एकाच वयाचं धरतात. वाढत्या वयात तीन महिन्यांचा फरक हाडापेरात दिसतो. म्हणून डर्बीची तयारी स्टड फार्मवर, घोडी केव्हा भरवायची इथपासूनच सुरू होते.

महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. डर्बी मात्र आली १९४३ मध्ये, भर महायुद्धात, आणि ती भारतात जन्मलेल्या घोड्यांसाठी. पहिला मान मिळवला एका घोडीने. नाव प्रिन्सेस ब्यूटिफुल, मालक बडोद्याचे महाराज, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. चार वर्षांनी याच महाराजांच्या घोड्यावर बसून ब्रिटने इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. त्या घोड्याचं नाव होतं सयाजीराव! मराठी माणसाला हे वाचून आजही बरं वाटतं.

अंतर २,४०० मीटर. वेळ साधारण अडीच मिनिटं. नुसता वेगवान घोडा इथे पुरत नाही. सुरुवातीला सुटला तर शेवटच्या सरळीत त्याचा दम संपतो. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून ही शर्यत आठ वेळा जिंकली, ही कामगिरी मला म्हणूनच थोर वाटते. दर वेळी घोडा निराळा, स्वभाव निराळा, आणि त्याला नेमका कधी सोडायचा हे हातातल्या लगामावरूनच ओळखायचं. घोड्यांमध्ये स्क्वाँडररचं नाव जुने शौकीन अजून घेतात. १९ शर्यतींत १८ विजय, त्यात डर्बीही.

शर्यत संपली की गर्दी विजेत्याभोवती लोटते. मागे राहिलेल्या घोड्यांच्या नाकपुड्या अजून फुललेल्या असतात, पायांवर गवताचे तुकडे चिकटलेले असतात. मोतद्दार येतो, लगाम हातात घेतो आणि घोड्याला सावलीकडे वळवतो.