धुराची जखम

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाजवळ मोठा जलाशय आहे आणि त्याच्या सभोवती दाट वनराजीने आच्छादलेल्या टेकड्या आहेत. फाल्गुन-चैत्रात या रानाचे रूप पालटते. झाडांखाली वाळक्या पानांचा जाड थर साचतो. पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागतात आणि ती वेचण्यासाठी माणसे टोपल्या घेऊन रानात जातात. गळालेली फुले स्पष्ट दिसावीत म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवतो. इतक्यात वारा सुटतो, ठिणगी उडते आणि पाहता पाहता वणवा भडकतो.

नागझिऱ्याचे अरण्य येथून फार दूर नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी तेथील वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांनी प्राण गमावले. त्याच वर्षी ९ जानेवारीस शेजारच्या भंडारा शहरात जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली. सात अर्भके वाचली, दहा दगावली. त्या दहांपैकी बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने घेतला. ज्वाळा डोळ्यांना दिसते, म्हणून मनुष्य तिला भितो. परंतु धूर हा तितकाच, किंबहुना अधिक घातक शत्रू आहे. त्याने केलेली जखम शरीराच्या आत असते आणि पुष्कळदा ती उशिरा प्रकट होते.

ही जखम कशी होते हे समजण्यासाठी श्वसनमार्गाची रचना ध्यानी घेतली पाहिजे. नाकातून व घशातून गेलेली हवा श्वासनलिकेत शिरते. वृक्षाच्या खोडाला फांद्या आणि फांद्यांना डहाळ्या फुटाव्यात, तशा या नलिकेला फुप्फुसांत शाखा फुटतात. अगदी शेवटच्या डहाळ्यांना कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतून हवेतील प्राणवायू रक्तात मिसळतो.

धूर या मार्गावर तीन प्रकारे घाव घालतो. पहिला घाव उष्णतेचा. तप्त हवेने तोंड, घसा व स्वरयंत्र भाजते आणि तेथे सूज चढू लागते. काही तासांत ती इतकी वाढू शकते की श्वासाची वाटच बंद होते. दुसरा घाव काजळीचा व दाहक वायूंचा. श्वासनलिकांच्या आतील बाजूस सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते धूळ व कफ वर ढकलून नलिका स्वच्छ ठेवतात. धुराने हे झाडूवाले निकामी होतात. मग कफ, काजळी व मृत पेशी यांचे बोळे साचून बारीक नलिका बुजतात.

तिसरा घाव सर्वांत फसवा आहे. अर्धवट जळणाऱ्या पदार्थांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील तांबडे कण प्राणवायूला जितके धरतात, त्याच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट ते या वायूला धरतात. साहजिकच प्राणवायूला रक्तात जागा उरत नाही. डोके दुखते, घेरी येते, बुद्धी भ्रमते आणि शेवटी शुद्ध हरपते. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे साधे यंत्रही येथे फसते. ते या विषारी रक्तालाच निरोगी समजते. म्हणून रक्ताची निराळी तपासणी करावी लागते.

वणवा विझवून परतलेला मनुष्य पुष्कळदा म्हणतो, "मला काही झाले नाही." परंतु त्याचा आवाज घोगरा झाला असेल, नाकातील केस होरपळले असतील, थुंकीत काजळी दिसत असेल किंवा श्वासाला घरघर लागली असेल, तर त्याच्या शब्दावर विसंबून राहू नये. त्याला प्रथम मोकळ्या हवेत न्यावे, कपडे सैल करावेत व शुद्धीवर असल्यास टेकून बसवावे. कातडी भाजली असल्यास तीवर सुमारे वीस मिनिटे थंड पाणी वाहू द्यावे. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. तोंडावरचा ओला रुमाल काजळी काहीशी अडवतो; कार्बन मोनॉक्साइडला तो अडवू शकत नाही. बंद घरात धूर कोंडला असेल, तर धूर वर चढतो व जमिनीलगतची हवा त्यामानाने स्वच्छ असते. म्हणून वाकून किंवा रांगत बाहेर पडावे.

रुग्णालयातील पहिले औषध म्हणजे शुद्ध प्राणवायू. साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. नाकातोंडावर घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिल्यास हे काम तास-सव्वा तासात होते. घशाला सूज चढू लागली असेल, तर वाट बंद होण्याची वाट न पाहता डॉक्टर श्वासनलिकेत एक नळी बसवतात. बारीक दुर्बिणीने ते आतील जखम पाहतात व साचलेली काजळी शोषून काढतात. नलिका मोकळ्या करणारी औषधे सूक्ष्म तुषारांच्या रूपाने दिली जातात. फुप्फुसे थकली, तर कृत्रिम श्वासयंत्र बेताचे श्वास देऊन त्यांना विसावा देते. पुढे परिचारिका रुग्णाला खोल श्वास घेण्यास व खोकून कफ काढण्यास शिकवतात. दाह दुसऱ्या दिवशीही वाढू शकतो, म्हणून ठीक दिसणाऱ्या रुग्णासही काही काळ देखरेखीखाली ठेवतात.

हे ज्ञान सहज हाती आलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने खाणींतील स्फोटांचा शोध घेतला. पुष्कळ मजूर स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्याने दाखवून दिले. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात एका करमणूकगृहाला आग लागून ४९२ माणसे मृत्यू पावली. तेव्हा तेथील डॉक्टरांनी धुराने झालेल्या फुप्फुसांच्या इजेचा बारकाईने अभ्यास करून तो जगापुढे मांडला. अशा दुःखांतूनच आजचे उपचार जन्मास आले.

तरीही सर्वांत उत्तम उपचार रानातच, आगीपूर्वी होतो. वनखाते उन्हाळ्याआधी पाचोळा हटवून जाळरेषा आखते, म्हणजे आगीला पुढे सरकण्यास वाट उरत नाही. मोहाखालचा पाचोळा पेटवण्याऐवजी खराट्याने झाडला किंवा झाडाखाली जाळे अंथरले, तरी फुले तितकीच मिळतात. खराट्याच्या त्या चार फटकाऱ्यांनी रान वाचते आणि वणव्याशी झुंजणाऱ्या माणसांचा श्वासही वाचतो.