कोऱ्या जागेची चूक

कागदावर जे लिहिलेले असते ते आपण वाचतो. जे कोरे सोडलेले असते त्याकडे आपले लक्ष जात नाही. पण कोऱ्या जागेलाही अर्थ असतो. जुन्या मोडी कागदांत शब्दाशब्दांमध्ये जागा सोडीत नसत. समजा, अशा एखाद्या कागदात 'मालकमीआहे' अशी अक्षरे आली. 'मालक मी आहे' असे वाचले तर लिहिणारा धनी ठरतो. 'माल कमी आहे' असे वाचले तर तोच गोदामावरचा कारकून ठरतो. अक्षर एकही बदललेले नाही. बदलली ती फक्त जागा.

माणूस मागचापुढचा संदर्भ पाहून असा घोटाळा सोडवतो. संगणकाला ते साधत नाही. त्याच्या लेखी कोरी जागा हेही एक अक्षरच असते, आणि अशा कोऱ्या अक्षरांचे प्रकारही अनेक आहेत. या न दिसणाऱ्या अक्षरांमुळे प्रोग्राम कसे अडतात आणि ती चूक कशी शोधावी, हे आम्ही येथे सांगणार आहोत. आम्ही या विषयातले पदवीधर नव्हेत. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही आले ते युनियनच्या कचेरीत, आधी टंकयंत्रावर आणि मग संगणकावर बसून.

काही वर्षांपूर्वी धाराशिवच्या आमच्या कचेरीत कामगारांच्या पगारातील फरकाच्या चिठ्ठ्या काढावयाच्या होत्या. एका सभासदाचा मुलगा संगणकाचे शिक्षण घेत होता. त्याने हिशेबाचा एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. हिशेब बरोबर होता, परंतु प्रोग्राम तयारच होईना. सातव्या ओळीवर यंत्र थांबे आणि 'मिसिंग सेपरेटर', म्हणजे 'मधले चिन्ह सापडत नाही', एवढेच सांगे. मुलाने ती ओळ वीस वेळा वाचली, पुस्तकातल्या ओळीशी ताडून पाहिली. दोन्ही अगदी सारख्या. तो शिकत होता तेथे विचारले, तर "नीट टाइप करत जा" असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी तो आम्हाला म्हणाला, "काका, माझ्याच्यानं नाही व्हायचं हे. मी कोर्स सोडून देतो." एका न दिसणाऱ्या अक्षरापायी एक हुशार मुलगा धंदा सोडून निघाला होता.

हे समजण्यासाठी बांधणीची फाईल म्हणजे काय ते पाहू. प्रोग्राम अनेक तुकड्यांत लिहितात, आणि ते तुकडे कोणत्या क्रमाने जोडावयाचे हे वेगळ्या फाईलीत लिहून ठेवतात. आपल्याकडच्या कुंथलगिरीच्या पेढ्याचेच उदाहरण घ्या. पहिल्या ओळीत लिहावयाचे, 'पेढा: खवा साखर'. विसर्गासारख्या चिन्हाच्या डावीकडे जे हवे ते, उजवीकडे त्याला जे लागते ते. खालच्या ओळीत कृती: 'खवा भाजून साखर घाला व वळा'. पुढे 'खवा: दूध', आणि त्याखाली 'दूध आटवा'. 'मेक' नावाचे साधन ही फाईल वाचते. खवा तयार असून दूध बदललेले नसेल तर ते दूध पुन्हा आटवीत बसत नाही. जे बदलले तेवढ्यापुरतेच काम करते. मोठमोठ्या प्रोग्रामांत यामुळे तासन्‌तास वाचतात. लिनक्सचा गाभा आजही मेकच्या साह्यानेच बांधला जातो.

आता गोम येथे आहे. कृतीची ओळ टॅबच्या कळीनेच सुरू झाली पाहिजे असा मेकचा नियम आहे. टॅबऐवजी चार किंवा आठ मोकळ्या जागा सोडल्या, तर डोळ्याला फरक दिसत नाही, परंतु मेक त्या ओळीला कृती मानीत नाही. मग ती नवी व्याख्या असेल असे समजून ते तिच्यात विसर्गाचे किंवा बरोबरीचे चिन्ह शोधते. ते नसले की म्हणते, मधले चिन्ह सापडत नाही. तक्रार चिन्हाची, दोष ओळीच्या आरंभाचा. मुलगा ओळीची अक्षरे तपासत राहिला तो यामुळेच.

टॅब म्हणजे काय, हे टंकयंत्रावर बसलेल्यांना सांगावे लागणार नाही. पगारपत्रक टाइप करताना आम्ही आधी रकान्यांचे थांबे लावून ठेवीत असू. टॅबची कळ दाबली की गाडा सरळ पुढच्या थांब्यावर जाई. टॅब म्हणजे अमुक इतक्या जागा नव्हेत. 'पुढच्या थांब्यापर्यंत जा' अशी ती आज्ञा आहे. संगणकाने ती आज्ञा जशीच्या तशी घेतली. त्याच्या अक्षरसूचीत टॅबचा क्रमांक ९ आणि मोकळ्या जागेचा ३२. थांबे कोठे हे मात्र प्रत्येक संपादक आपापले ठरवतो. कोणी आठ जागांवर, कोणी चार जागांवर. त्यामुळे एका पडद्यावर सरळ दिसणारी ओळ दुसऱ्या पडद्यावर वाकडी दिसते.

हीच आठवण त्या दिवशी कामास आली. आम्ही मुलाला सातव्या ओळीच्या आरंभी जाऊन उजव्या बाणाची कळ दाबावयास सांगितले. टॅब असता तर खूण एका उडीत अक्षरापाशी गेली असती. ती चार पावलांत गेली. ओळ एका पुस्तकाच्या पीडीएफमधून उचललेली होती, आणि उचलताना टॅबच्या चार मोकळ्या जागा झाल्या होत्या. त्या पुसून टॅब दिला, आणि प्रोग्राम तयार झाला.

असा नियम कोणी व का केला? मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये लिहिले. टॅबची युक्ती लिहावयास सोपी होती म्हणून त्यांनी ती घेतली. काही आठवड्यांतच साधन वापरणारे डझनभर लोक झाले, बहुतेक सारे त्यांचे मित्र. नियम बदलला तर त्यांच्या फाईली मोडतील म्हणून तो तसाच राहिला, असे त्यांनी पुढे स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे. २००३ साली याच साधनासाठी त्यांना एसीएम संस्थेचा मोठा पुरस्कार मिळाला. साधन थोर आहे यात शंका नाही. पण डझनभर मित्रांच्या सोयीसाठी ठेवलेला नियम लाखो लोकांच्या गळ्यात पडला. ग्नू मेकने २०१० साली टॅबऐवजी दुसरे दिसणारे चिन्ह नेमण्याची सोय दिली, तोवर जुनी वहिवाट पक्की झाली होती.

नव्या साधनांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सोडवला. यॅमल नावाच्या मांडणीत ओळ आत सरकवण्यासाठी टॅब वापरण्यास बंदीच आहे. म्हणजे एका फाईलीत टॅब सक्तीचा, तर दुसरीत निषिद्ध! पायथन भाषेच्या २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून टॅब व मोकळ्या जागांची संदिग्ध सरमिसळ झाली तर प्रोग्राम चालण्यापूर्वीच नाकारला जातो. हे आम्हाला बरे वाटते. कारण थांबणारी चूक ही सौम्य चूक होय. न थांबणारी चूक घातक. यॅमलमध्ये वंशावळीत मुलाचे नाव बापाखाली आत सरकवून लिहावे, तशी एक बाब दुसरीच्या पोटात लिहितात. दोन जागा कमी पडल्या तर मूल दुसऱ्याच घरात जाते, आणि यंत्र कित्येकदा तक्रारही करीत नाही.

२०११ साली लिनक्सवरील 'बंबलबी' या साधनाच्या सूचनापत्रात असेच घडले. 'यूएसआर' या मोठ्या कप्प्याच्या आतला एक लहान कप्पा पुसावयाचा होता. पत्ता लिहिताना 'यूएसआर'नंतर एक मोकळी जागा पडली. यंत्राने एका पत्त्याचे दोन पत्ते वाचले आणि बहुतेक सारी साधने ज्यात असतात तो अख्खा मोठा कप्पाच पुसावयास घेतला.

मराठी लिहिणाऱ्यांना याखेरीज एक निराळी अडचण आहे. 'शेतकऱ्यांची यादी' या शब्दांतील 'ऱ्या' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकीत 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह, दुसरीत टिंबाचा वेगळा 'ऱ'. पडद्यावर दोन्ही सारखेच. परंतु फाईलीचे नाव एका तऱ्हेने ठेवले आणि बांधणीच्या फाईलीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिले, तर यंत्र म्हणते की अशी फाईलच नाही. म्हणून अशा कामात फाईलींची नावे साध्या रोमन अक्षरांत व मधे जागा न सोडता ठेवणे शहाणपणाचे.

तपासणीची रीत थोडक्यात अशी. यंत्र जी ओळ दाखवील ती आणि तिच्या वरची ओळ, दोन्ही पाहाव्यात. संपादकात कोऱ्या जागा दाखवण्याची सोय असते ती चालू करावी; बहुतेक ठिकाणी मोकळी जागा ठिपक्याने आणि टॅब बाणाने दिसतो. लिनक्सवर 'कॅट' ही आज्ञा मोठ्या 'ए'सह दिली तर टॅबच्या जागी टोपीचे चिन्ह व 'आय' उमटते, आणि ओळ संपते तेथे डॉलरचे चिन्ह येते. डॉलरच्या आधी कोरी जागा दिसली तर ओळीच्या शेवटी नको असलेली जागा राहिली आहे असे समजावे. टोपी व 'एम' दिसले तर फाईल विंडोजवरून आली आहे. तेथे ओळीच्या शेवटी दोन खुणा असतात, लिनक्सवर एकच. दुसरीकडून उचललेली ओळ तर नेहमी संशयाने पाहावी आणि तिचा आरंभ पुसून पुन्हा टाइप करावा. अनेकजण मिळून काम करीत असतील तर जागांचा नियम फाईलीतच लिहून ठेवावा, म्हणजे तो नव्या माणसाला कळेल.

ही शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारखान्यात यंत्र थांबले की पहिला ठपका यंत्रावरच्या माणसावर येतो, हे आम्ही तीस वर्षे पाहात आलो. माणूस चुकत नाही असे आमचे म्हणणे नाही. पण नियम भिंतीवर लावलेला होता का, तो दिसत होता का, हे आधी विचारले पाहिजे. जो नियम डोळ्यांना दिसत नाही तो मोडल्याबद्दल कोणाच्या बुद्धीला बोल लावणे न्यायाचे नव्हे.

त्या मुलाने कोर्स सोडला नाही. चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी निघाल्या. त्याने त्या फाईलीच्या माथ्यावर एक ओळ लिहून ठेवली, ती अजून तशीच आहे: 'खालच्या कृतींच्या ओळी टॅबने सुरू करा, मोकळ्या जागा चालत नाहीत.' पुस्तकाने आणि शिकवणाऱ्यांनी जे सांगावयास हवे होते, ते त्याने आपल्यामागून येणाऱ्यांसाठी सांगून ठेवले.